घरच्या घरी वेल्डिंग

बेळगावच्या उद्यमबागेतील ओतशाळा पाहिलेल्या किंवा निपाणीकडच्या शिवारात मोडक्या अवजारांशी झगडलेल्या तरुणास आपणही लोखंड जोडावे असे वाटणे स्वाभाविक आहे. हौस स्तुत्य आहे. मात्र पहिला खर्च यंत्रावर नव्हे, डोळ्यांच्या रक्षणावर करावा. विजेच्या या ज्योतीतील अतिनील किरण तत्क्षणी जाणवत नाहीत. काही तासांनी डोळ्यांत वाळू गेल्यासारखी आग होते. म्हणून १० नंबरची काळी काच, चामडी हातमोजे व जाड सुती कपडे हवेत, आणि कुतूहलाने पाहणारी मुले दूर हवीत.

आरंभी ३ मिलिमीटर जाडीची साधी पोलादी पट्टी घ्यावी. बीड नको, ते ठिसूळ असल्याने निवताना तडकते. जस्ताचा मुलामा दिलेला नळही नको. लोखंड सुमारे १५३८ अंश सेल्सियसला वितळते, पण जस्त ९०७ अंशांनाच उकळते, व त्याच्या धुराने रात्री थंडीताप भरतो.

रॉडचे टोक पट्टीपासून रॉडच्या जाडीइतके दूर ठेवून समगतीने ओढावे. रेघ सरळ साधली, म्हणजे मगच दोन पट्ट्या जोडाव्यात. जोड थंड झाल्यावर व्हाइसमध्ये धरून हातोड्याने वाकवून पाहावा. तो तुटला, तर खंत नको. तुटलेली कड नीट पाहावी, चूक तीच दाखविते.