पाच प्रश्नचिन्हांचा जालना

जालना जिल्ह्यातल्या आठ तालुक्यांची नावं एक्सेलच्या शीटमध्ये मराठीत टाइप केलेली आहेत. युनिकोडमध्ये, अगदी नीटनेटकी. तालुक्यावर क्लिक केलं की त्याचं नाव एका चौकटीत दाखवून खात्री करून घेणारा छोटासा मॅक्रो लिहायचा आहे. काम पाच ओळींचं. मॅक्रो चालतो, चौकट उघडते आणि ‘जालना’च्या जागी पाच प्रश्नचिन्हं उभी राहतात. अंबड आणि मंठा निवडलं तर चार-चार, घनसावंगीला आठ. शेजारच्या शीटवर मात्र तीच नावं स्वच्छ मराठीत दिसत असतात.

पहिला संशय फॉन्टवर जातो. मग कोणी दुसरा फॉन्ट टाकतं, कोणी ऑफिस पुन्हा इन्स्टॉल करतं. प्रश्नचिन्हं हटत नाहीत, कारण गडबड फॉन्टमध्ये नाहीच. एक्सेलची मॅक्रो-भाषा आणि खालची विंडोज यांच्यामधून मजकूर जातो तेव्हा ती होते. तिथे काय घडतं हे कळलं, की शाळेच्या हजेरीपटापासून पतसंस्थेच्या सभासद यादीपर्यंत बरीच कोडी सुटतात.

संगणकाच्या पडद्यावर चौकट काढणं, फाइल उघडणं, घड्याळ पाहणं, प्रिंटरला कागद पाठवणं ही सगळी कामं शेवटी ऑपरेटिंग सिस्टीम करते. तिच्याकडे अशा कामांची तयार फंक्शन्स असतात. विंडोजमध्ये ती हजारोंच्या संख्येने आहेत आणि ‘यूझर३२’, ‘कर्नल३२’ अशा नावांच्या डीएलएल फाइलींमध्ये ठेवलेली आहेत. ती प्रामुख्याने सी भाषेतल्या प्रोग्रामांसाठी लिहिलेली. पायथन, पर्ल किंवा एक्सेलमधली व्हीबीए या स्क्रिप्टिंग भाषांची रीत वेगळी. त्यांत आकडा किती बाइटचा, मजकूर मेमरीत कुठे ठेवला, याची फिकीर लिहिणाऱ्याला करावी लागत नाही. ऑपरेटिंग सिस्टीमच्या फंक्शनला मात्र नेमकी तीच माहिती हवी असते. तहसील कचेरीच्या खिडकीवर ठरलेल्या नमुन्यातलाच अर्ज घेतात, तसाच हा कारभार. फरक एवढाच की इथला कारकून चुकलेला अर्ज परत करत नाही. रकाना चुकला असला तरी त्यात जे सापडेल ते खरं मानून पुढे जातो.

स्क्रिप्टिंग भाषांना या खिडकीपर्यंत नेण्याची खटपट जुनी आहे. लॅरी वॉल यांनी १९८७ मध्ये पर्ल प्रसिद्ध केली. युनिक्सच्या सिस्टीम कॉलना, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमच्या मूळ फंक्शनना, थेट हात घालण्याची सोय त्या भाषेत पुढे आली; कॉलचा क्रमांक द्यायचा आणि त्यामागे बाकीची माहिती. पण क्रमांक यंत्रागणिक बदलतात. मजकूर बाहेर लिहिण्याच्या ‘राइट’ या कॉलचा क्रमांक ३२ बिटच्या इंटेल लिनक्सवर ४, तर ६४ बिटवर १. मायक्रोसॉफ्टने १९९१ मध्ये आणलेल्या व्हिज्युअल बेसिकमध्ये ‘डिक्लेअर’ ही ओळ आली: फंक्शनचं नाव, ते कोणत्या डीएलएलमध्ये आहे आणि त्याला काय-काय द्यायचं, एवढं लिहिलं की झालं. तीच ओळ १९९३ च्या एक्सेल ५ सोबत व्हीबीएमध्ये उतरली आणि हिशेबाच्या शीटवर बसलेल्या माणसाच्याही हाती आली. पायथनसाठी थॉमस हेलर यांनी ‘सीटाइप्स’ लिहिलं. २००६ च्या पायथन २.५ पासून ते भाषेसोबतच मिळतं.

आता प्रश्नचिन्हांकडे. १ मे १९८१ रोजी औरंगाबादपासून वेगळा होऊन जालना जिल्हा झाला. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये आयबीएमचा पहिला पीसी बाजारात आला. त्यात एका अक्षराला एक बाइट, म्हणजे सगळी मिळून २५६ चिन्हं. इंग्रजीला ती पुरून उरतात. विंडोजने पुढे वेगवेगळ्या भाषांसाठी २५६ चिन्हांचे वेगवेगळे तक्ते केले, त्यांना कोड पेज म्हणतात. इंग्रजी विंडोजचं कोड पेज १२५२. त्यात फ्रेंचची टोपीवाली अक्षरं आहेत, जर्मनचे टिंबवाले स्वर आहेत, देवनागरीचं एकही अक्षर नाही. श्रीलिपी, शिवाजी यांसारख्या जुन्या फॉन्टनी यावर तोडगा काढला होता: इंग्रजी अक्षरांच्याच जागांवर मराठी आकार बसवायचे.

१९९३ च्या विंडोज एनटीने आतून युनिकोड स्वीकारलं. जुने प्रोग्राम बंद पडू नयेत म्हणून मजकूर घेणाऱ्या बहुतेक फंक्शनची जोडी ठेवली गेली. नावाच्या शेवटी ‘ए’ असेल तर मजकूर कोड पेजमधला, ‘डब्ल्यू’ असेल तर युनिकोडमधला. चौकट दाखवणारं ‘मेसेजबॉक्स-ए’ वेगळं, ‘मेसेजबॉक्स-डब्ल्यू’ वेगळं. विंडोज २००० मध्ये मराठी आली ती थेट युनिकोडमधूनच, स्वतःचं कोड पेज तिला कधी मिळालंच नाही. त्याच पिढीच्या विंडोजसोबत आलेला ‘मंगल’ फॉन्ट हा कवी आणि सुलेखनकार र. कृ. जोशी यांच्या हातचा. म्हणजे अक्षर काढण्याची सोय आली, पण ‘ए’च्या वाटेने जाणाऱ्या मजकुराला मराठी वर्ज्यच राहिली.

व्हीबीए स्वतःच्या पोटात मजकूर युनिकोडमध्येच ठेवते. तिची तयार चौकट मात्र तो कोड पेजमध्ये बदलून पुढे पाठवते. जे अक्षर त्या तक्त्यात नाही त्याच्या जागी प्रश्नचिन्ह. ‘जालना’ म्हणजे ज, काना, ल, न, काना असे पाच संकेत, म्हणून पाच प्रश्नचिन्हं. मॅक्रो लिहायच्या खिडकीत मराठी वाक्य पेस्ट केलं तरी हेच होतं.

उपाय म्हणजे तयार चौकट सोडून ‘यूझर३२’मधलं मेसेजबॉक्स-डब्ल्यू ‘डिक्लेअर’ करणं. इथे आणखी एक खाच आहे. डिक्लेअरच्या ओळीत मजकुराचा प्रकार नेहमीसारखा ‘स्ट्रिंग’ लिहिला, तर व्हीबीए पुन्हा कोड पेजमध्ये बदल करूनच तो पाठवते आणि सगळं मुसळ केरात. म्हणून मजकूर न देता तो मेमरीत जिथे आहे तिथला पत्ता द्यायचा. त्यासाठी ‘स्ट्रपीटीआर’ हे फंक्शन आहे. मेसेजबॉक्स-डब्ल्यूला चार गोष्टी लागतात: मागची खिडकी कोणती, मजकूर, शीर्षक आणि बटणांचा प्रकार. चौथ्या जागी ४ दिलं की ‘यस’ आणि ‘नो’ अशी बटणं येतात. माणसाने ‘यस’ दाबलं तर उत्तर ६, ‘नो’ दाबलं तर ७. चौकटीत ‘जालना’ स्वच्छ उमटतं.

पायथनमध्ये हीच चूक उलट्या बाजूने करून पाहता येते. सीटाइप्समधून मुद्दाम मेसेजबॉक्स-ए कॉल करायचं आणि त्याला ‘जालना’ द्यायचं. सीटाइप्स मजकूर युनिकोडमध्ये, दर संकेताला दोन बाइट, असा पाठवतं. ‘ए’ प्रकारचं फंक्शन तेच बाइट एकेक करून वाचतं. चौकटीत येतं ते असं: ‘पेक्षा मोठे’चं चिन्ह, इंग्रजी दोनचा आकडा, उघडा कंस, पुन्हा ‘पेक्षा मोठे’चं चिन्ह, आणि मध्ये मोठ्या मोकळ्या जागा. कारण सरळ आहे. कान्याचा संकेत सोळाच्या पायाने (हेक्साडेसिमल) लिहिला तर ०९३ई. त्याचे दोन बाइट ३ई आणि ०९. यातला ३ई म्हणजे जुन्या तक्त्यात ‘पेक्षा मोठे’चं चिन्ह आणि ०९ म्हणजे टॅब. ‘ल’च्या ०९३२ मधल्या ३२ ला तिथे दोनचा आकडा आहे, ‘न’च्या ०९२८ मधल्या २८ ला कंस. देवनागरीच्या या मूळ संचातल्या प्रत्येक संकेताचा एक बाइट ०९ असतो, म्हणून मराठी मजकूर असा चुकीचा वाचला की त्यात टॅबच टॅब दिसतात.

लिनक्सवर घोटाळ्याचं रूप बदलतं. तिथे मजकूर सहसा यूटीएफ-८ या युनिकोडच्याच मांडणीत असतो आणि देवनागरीच्या एका संकेताला तीन बाइट लागतात. ‘राइट’ कॉलला किती बाइट लिहायचे ते सांगावं लागतं. ‘जालना’ची लांबी पाच समजून पाच हा आकडा दिला, तर ‘ज’ पूर्ण उमटतो, पुढच्या कान्याचे दोनच बाइट जातात आणि तिथे मोडकं चिन्ह दिसतं. खरा आकडा पंधरा.

मजकुराइतकीच आकड्यांचीही काळजी घ्यावी लागते. ‘कर्नल३२’मधल्या ‘स्लीप’ला थांबण्याचा वेळ मिलिसेकंदात लागतो, पायथनच्या स्वतःच्या ‘स्लीप’ला सेकंदात. ‘गेटटिककाउंट’ हे फंक्शन संगणक सुरू होऊन किती मिलिसेकंद झाले ते ३२ बिटच्या आकड्यात सांगतं आणि सुमारे ४९.७ दिवसांनी पुन्हा शून्यावर येतं. व्हीबीएचा ‘लाँग’ प्रकार ऋण आकडेही धरतो, त्यामुळे तिथे २४.८ दिवसांनंतरच उत्तर ऋण येऊ लागतं. रात्रंदिवस चालू ठेवलेल्या संगणकावरचा मॅक्रो तीन आठवडे बिनबोभाट चालतो आणि चौथ्या आठवड्यात अडखळतो, त्यामागे कधी कधी एवढंच असतं.

ऑफिस २०१० मध्ये ६४ बिटची आवृत्ती आली तेव्हा जुने मॅक्रो अडले ते पत्त्यांच्या लांबीमुळे. मेमरीचा पत्ता आता ६४ बिटचा झाला होता, जुन्या डिक्लेअर ओळी त्याला ३२ बिटची जागा देत होत्या. म्हणून ओळीत ‘पीटीआरसेफ’ हा शब्द आणि पत्त्यासाठी ‘लाँगपीटीआर’ हा प्रकार लिहिणं सक्तीचं झालं. सीटाइप्स अशी सक्ती करत नाही. फंक्शनचं उत्तर साधा ३२ बिटचा आकडा असेल असं ते आपणहून धरून चालतं. उत्तरात पत्ता आला तर अर्धा कापला जातो आणि पुढच्या ओळीला पायथन कोलमडू शकतं.

हीच ताकद चोरांनाही कळली. इंटरनेटवरून फाइल उतरवून घेणारं विंडोजचं फंक्शन ‘डिक्लेअर’ करून, बिलाच्या नावाने पाठवलेल्या एक्सेल फाइलींतून व्हायरस घुसवले गेले. २०२२ मध्ये मायक्रोसॉफ्टने इंटरनेटवरून आलेल्या फाइलींमधले मॅक्रो आपोआप अडवायला सुरुवात केली. त्यामुळे मेलने आलेला चांगला मॅक्रोही पहिल्या फटक्यात चालत नाही. शिवाय भाषेतच सोय असेल तर खाली उतरायचं कारण नसतं. फोल्डरमधल्या मराठी नावांच्या फाइलींची यादी पायथन ३ स्वतःच व्यवस्थित देतं. ‘डब्ल्यू’ची फंक्शन्स ते आतून वापरतं.

अकारविल्हे याद्यांच्या बाबतीत मात्र खाली उतरण्याचा फायदा डोळ्यांना दिसतो. आठ तालुके पायथनला क्रमाने लावायला सांगितले तर अंबड, घनसावंगी, जाफ्राबाद, जालना, परतूर, बदनापूर, भोकरदन, मंठा असं बिनचूक उत्तर मिळतं. या यशावर विसंबून वर्गाचा हजेरीपट लावला की फसगत होते. काळे, कावळे, काशीद, कासार असा क्रम येतो. मराठी वर्णमालेत ‘ळ’ हा ‘ह’च्या नंतर, म्हणून काळे सगळ्यांत शेवटी हवेत. पायथन फक्त संकेतांचे आकडे पाहतं, आणि युनिकोडने इस्की या भारतीय मानकाची मांडणी घेतल्यामुळे ‘ळ’ हा ‘ल’ आणि ‘व’ यांच्या मध्ये बसला आहे. तालुक्यांच्या नावांत एकही ‘ळ’ नव्हता, म्हणून चाचणीत काही कळलं नाही.

मराठीचा खरा क्रम विंडोजला ठाऊक असतो. विंडोज १० च्या २०१७ मधल्या १७०३ आवृत्तीपासून ‘आयसीयू’ नावाचं भाषाविषयक लायब्ररीचं पॅकेज सोबत येतं आणि २०१९ च्या १९०३ आवृत्तीपासून ते ‘आयसीयू’ याच एका डीएलएलमध्ये आहे. इंटरनेट लागत नाही, वेगळं काही इन्स्टॉल करावं लागत नाही. सीटाइप्सने ती डीएलएल उघडायची, ‘यूकोल-ओपन’ला भाषेचा संकेत ‘एमआर’ द्यायचा आणि मग दोन-दोन नावं ‘यूकोल-स्ट्रकोल’कडे तुलनेला पाठवायची. वरचे सगळे धडे इथे एकदम लागू होतात. ‘एमआर’ हा एकेका बाइटचा मजकूर म्हणून पाठवावा लागतो, नावं दोन बाइटच्या युनिकोडमध्ये. पहिल्या फंक्शनचं उत्तर पत्ता असतो, म्हणून उत्तराचा प्रकार आधी सांगून ठेवायचा. नावांच्या लांबीच्या जागी उणे एक दिलं की शेवट कुठे ते फंक्शन स्वतः शोधतं. एवढं केलं की कावळे, काशीद, कासार, काळे अशी यादी लागते.

एक निर्णय तरीही यादी लावणाऱ्यालाच घ्यावा लागतो. आयसीयूच्या मराठी नियमांत ‘क्ष’ आणि ‘ज्ञ’ हे ‘ळ’च्याही पुढे, शाळेच्या तक्त्यावर असतात तसे शेवटी येतात, त्यामुळे क्षीरसागर हे आडनाव हजेरीपटाच्या तळाशी जातं. ते ‘क’च्याच गटात हवं असेल तर ‘यूकोल-ओपनरूल्स’ या फंक्शनला आपला नियम मजकुराच्या स्वरूपात देता येतो. त्या नियमात ‘ळ’ला ‘ह’च्या पुढे बसवायचं आणि ‘क्ष’चा उल्लेख करायचा नाही.