उशाशी बसणारी माणसं

ईयोबाला भेटायला तीन मित्र आले आणि सात दिवस, सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर नुसते बसून राहिले. एक शब्द बोलले नाहीत. त्यांच्या हातून घडलेलं सर्वांत चांगलं काम तेच. पुढे त्यांनी तोंड उघडलं आणि दुखण्याला कारणं चिकटवायला सुरुवात केली. शेवटी देव ईयोबालाही खडे बोल सुनावतो, पण योग्य बोलल्याची पावती मिळते ती त्यालाच. मित्रांच्या वाट्याला देवाचा राग येतो.

आपल्या मंडळीत कुणाला कॅन्सर निघाला, कुणाचं डायलिसिस सुरू झालं की भेटायला आलेला माणूस पटकन म्हणतो, ‘देवाची इच्छा!’ देवाच्या हातून काही निसटत नाही, हा विश्वास माझाही आहे. त्याच्यावाचून मला प्रार्थना करताच येणार नाही. पण हे वाक्य आजाऱ्याचं आहे. भेटीला आलेल्यानं ते त्याच्या तोंडात घालू नये. गेथशेमाने बागेत येशूनंही आधी प्याला टळावा म्हणूनच विनवणी केली. पित्याच्या इच्छेचं नाव त्यानंतर आलं, आणि ते त्यानं स्वतः घेतलं.

१५२७ मध्ये विटेनबर्गला प्लेगनं गाठलं. ल्यूथर गाव सोडून गेला नाही, त्याच्या घरातच आजारी माणसं ठेवली गेली. त्याच सुमारास लिहिलेल्या पत्रात त्यानं देवावर भरवसा ठेवायला सांगितलं आणि औषध घ्या, घर धुरी देऊन शुद्ध करा, असंही बजावलं. औषध नाकारणं त्याला श्रद्धा वाटत नव्हती.

आपल्याकडे याची साक्ष मिरजेत आहे. डॉ. विल्यम वॉन्लेस यांनी १८९४ मध्ये तिथं रुग्णालयाचं काम सुरू केलं. प्रार्थना आणि शस्त्रक्रिया यांत तिथं कधी भांडण लागलं नाही.

मेरी रीड या अमेरिकन मिशनरी बाईंची गोष्ट मात्र वाचताना अजून जड जाते. १८९० मध्ये मायदेशी असताना त्यांना कुष्ठरोग झाल्याचं निदान झालं. त्या हिमालयात पिठोरागडजवळच्या चंदागला परत आल्या आणि तिथल्या कुष्ठरोग्यांत पन्नासहून अधिक वर्षं राहिल्या. आपल्या आजारात त्यांनी देवाचं बोलावणं ऐकलं. ते त्यांनी ऐकलं, म्हणून मी मान लववतो. दुसऱ्या कुणी त्यांना तसं समजावलं असतं, तर मला ते सहन झालं नसतं.

आणि पंडिता रमाबाई. १८८२ मध्ये पती कॉलऱ्यानं गेले, तेव्हा मनोरमा वर्षाचीही नव्हती. पुढे हीच लेक केडगावच्या मुक्ती मिशनच्या कामात आईचा उजवा हात झाली. रमाबाईंनी तिच्याच भरवशावर पुढचा विचार केला असणार. जुलै १९२१ मध्ये मनोरमा गेली, आईच्या आधी. रमाबाई तेव्हा स्वतः थकलेल्या होत्या, ऐकू फार कमी येत होतं. हिब्रू आणि ग्रीक शिकून त्यांनी हाती घेतलेलं बायबलचं मराठी भाषांतर अजून पुरं व्हायचं होतं. ईयोबाचं पुस्तकही त्यातच आलं, त्याचा आक्रोश आणि मित्रांची लांबलचक भाषणंही. लेक गेल्यावरही रमाबाई त्या कामाला बसत राहिल्या. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या गेल्या, तोवर भाषांतर हातावेगळं झालं होतं. छपाई उरली होती. मुक्तीतल्या बायकांनी खिळे जुळवले, पानं छापली, आणि १९२४ मध्ये ते बायबल बाहेर आलं.