आकाश टॅबलेट: स्वस्तात मिळालं, मग टिकलं का नाही?

ऐकण्यापेक्षा वाचणं आवडणाऱ्यांसाठी हा एपिसोड लेखी स्वरूपात.

गोष्ट २०११ ची. मी तेव्हा डोंबिवलीत दहावीला होतो. ठाण्याला जाताना फास्ट लोकल पारसिक बोगद्यातून जायची. बाबांच्या मोबाइलवर टूजी. दिवा गेल्यावर एखादं पेज उघडायला घेतलं की बोगद्यात ते अर्धवट अडकायचं आणि कळवा मागे पडलं तरी पांढरंच राहायचं.

त्याच वर्षी ५ ऑक्टोबरला दिल्लीत केंद्रीय मंत्री कपिल सिब्बल यांनी 'आकाश' हा टॅबलेट आणला. सरकारला एक नग २,२७६ रुपयांना पडणार होता आणि विद्यार्थ्यांना त्याहून स्वस्तात मिळणार होता. बनवणारी कंपनी डेटाविंड. सुनीत आणि राजा सिंग तुली या भावांनी ती कॅनडात सुरू केली होती.

या कंपनीची खरी हुशारी टॅबलेटमध्ये नव्हती. त्याआधी तिने पॉकेटसर्फर नावाचं खिशात मावणारं, फक्त इंटरनेटसाठीचं यंत्र विकलं होतं. त्यामागची युक्ती अशी: तुम्ही पेज मागितलं की ते आधी कंपनीच्या सर्व्हरवर उघडायचं. तिथे फोटो लहान व्हायचे, कोड दाबून बारीक व्हायचा आणि तेवढंच गाठोडं तुमच्यापर्यंत यायचं. ऑपेरा मिनी वापरलं असेल तर ही कल्पना ओळखीची वाटेल. रस्ता अरुंद असेल तर सामान कमी करा, इतका साधा विचार.

पण पहिल्या आकाशचं काय झालं? आधी किंमत ठरली, मग त्या किमतीत बसेल ते यंत्र बनलं. ३६६ मेगाहर्ट्झचा प्रोसेसर, २५६ एमबी रॅम, जोरात दाबावा लागणारा रेझिस्टिव्ह टचस्क्रीन, बॅटरी जेमतेम तीन तास. त्यात सिम नव्हतं, फक्त वायफाय! तेव्हा आपल्या चाळीत, सोसायटीत वायफाय किती घरांत होतं, आठवा. पुढे आयआयटी राजस्थान आणि कंपनी यांच्यात चाचण्यांच्या निकषांवरून वाद झाला आणि पुरवठा रखडला.

मग प्रकल्प आला आपल्या शेजारी, पवईला. आयआयटी मुंबईत प्रा. दीपक फाटक यांच्या टीमने काम हाती घेतलं. ११ नोव्हेंबर २०१२ ला राष्ट्रपती प्रणव मुखर्जी यांच्या हस्ते आकाश-२ आला. एक गिगाहर्ट्झ प्रोसेसर, ५१२ एमबी रॅम, बोट टेकवलं की चालणारा स्क्रीन. टॅबलेटवर सी, पायथन, सायलॅब चालवायची सोयही या टीमने केली. म्हणजे पडद्यामागे अभ्यासाचं खरं काम चालू होतं.

डेटाविंड लगेच बुडाली नाही. २०१४ मध्ये ती टोरंटोच्या शेअर बाजारात उतरली. स्वस्त टॅबलेट, फोन आणि त्यासोबत वर्षभर फुकट ब्राउझिंग, असं तिचं गणित. पेज बारीक करून पाठवल्यामुळेच हे फुकट परवडायचं. भारतात टॅबलेट विकण्यात ती काही काळ पहिल्या नंबरवरही होती.

मग सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं. काही महिने फोरजी डेटा चक्क फुकट. रस्ताच रुंद झाल्यावर सामान कमी करून देणाऱ्याला कोण विचारणार? शिवाय लोक ब्राउझरमधून ॲपकडे वळले होते. यूट्यूबचा व्हिडिओ आधीच दाबलेला असतो, व्हॉट्सॲपचे मेसेज कुलूपबंद असतात. मधल्या सर्व्हरला त्यात हात घालायला जागाच नाही. जी अडचण सोडवून कंपनी उभी राहिली, ती अडचणच उरली नाही. पुढच्या काही वर्षांत डेटाविंड बाजारातून दिसेनाशी झाली.

मला या गोष्टीत कंपनीवर हसावंसं वाटत नाही. मीही दिवसभर ठाण्यात बसून कोड लिहितो, आणि त्यातला बराचसा आजच्या कुठल्यातरी टंचाईवरचा उपाय असतो. ती टंचाई संपली तर माझ्या कामाचं काय, हा प्रश्न मी अधूनमधून स्वतःला विचारतो. तुम्ही कॉलेजात असाल तर तुम्हीही विचारा.

आणि हो, विद्यार्थ्यांच्या हातात स्वस्त कॉम्प्युटर आला पाहिजे, हा विचार चुकीचा नव्हता. तो शेवटी आलाच, फक्त डेटाविंडकडून नाही. आत्ता हे वाचताय, तो फोन बघा.

भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. तोवर काळजी घ्या!