हमी न देणाऱ्या म्हणी

म्हणींचा कोश हाती लागला की मी तो चाळत नाही, पहिल्या पानापासून वाचत जातो. हे वेड लागलं दाते-कर्व्यांच्या महाराष्ट्र शब्दकोशामुळे. १९३२ ते १९३८ या काळात निघालेल्या त्या सात खंडांत मधूनच एखाद्या शब्दापुढे कंसात ‘कु.’ अशी खूण येते. कु. म्हणजे कुडाळी. आज सगळे जिला मालवणी म्हणतात, ती बोली अभ्यासकांच्या कागदावर बराच काळ याच नावाने नांदली. ग्रियर्सनच्या भाषिक सर्वेक्षणाच्या सातव्या खंडात (१९०५) हेच नाव आहे. डॉ. अ. मा. घाटगे यांच्या मराठी बोलींच्या पाहणीतला १९६५चा दुसरा खंडही ‘कुडाळी’ नावानेच निघाला. या खुणेचा माग काढताना मी शब्दांवरून म्हणींवर आलो आणि तिथेच अडकलो.

अडकण्याचं कारण असं. कष्टांबद्दलच्या म्हणी शाळेच्या भिंतीवर वाचत आपण वाढलो. ‘प्रयत्नांती परमेश्वर’ हा त्यांचा सूर. राबा म्हणजे मिळेल. पण देवगडपासून रेडीपर्यंतच्या पट्ट्यात घराघरांत जे बोललं जातं, त्यात हे आश्वासन मला जवळजवळ सापडत नाही. काम न करणाऱ्याला ‘खावक काळ आणि भुयेक भार’. गप्पांत रमून काम विसरणाऱ्याला ‘गजालीन घो खाल्लो’. वेळ न पाळणारा ‘बारशाक गेलो आणि बाराव्याक इलो’. हातातलं गेल्यावर त्याचे गोडवे गाणाऱ्याला ‘मेल्ल्या म्हशीक पाच शेर दूध’. आळस, बढाई, दिरंगाई यांना इथे क्षमा नाही. मात्र जो राबतो त्याला काय मिळेल, यावर म्हण गप्प राहते.

‘करूक गेलो गणपती, झालो मारुती’ ही म्हण तर याच्याही पुढे जाते. हिच्यातला माणूस आळशी नाही. त्याने माती मळली, हात चालवले, मनात गणपती धरला आणि पाटावर उभा राहिला मारुती. आमच्याकडे मूर्तिकाराच्या कारखान्याला ‘गणपतीची शाळा’ म्हणतात. घरोघरचे पाट तिथे नेऊन दिले जातात आणि चतुर्थीपर्यंत मातीवर हात फिरत असतात. मनासारखं होईलच याची खात्री नसताना काम करणं म्हणजे काय, हे त्या शाळेत बसणाऱ्याला वेगळं सांगावं लागत नाही. ही म्हण चेष्टेची म्हणून वापरली जाते. माझ्या मते ती या किनाऱ्यावरची कष्टांविषयीची सर्वांत खरी म्हण आहे.

छापील संग्रहांतून हे कळणं कठीण. चर्च मिशनरी सोसायटीचे आल्फ्रेड मॅनवेरिंग यांनी १८९९ साली ऑक्सफर्डहून मराठी म्हणींचं इंग्रजी भाषांतरासह पुस्तक काढलं. ते मेहनतीचं आहे, पण विषयवार कप्पे पाडलेलं. दाते-कर्व्यांचा महाराष्ट्र वाक्संप्रदाय कोश १९४२ आणि १९४७ असा दोन भागांत आला आणि त्याने फार मोठा पैस धरला. मात्र कप्प्यात म्हण ठेवली की ती कुठल्या जमिनीवर उगवली हे पुसलं जातं आणि मग सगळा महाराष्ट्र एकाच पावसात भिजतो असं वाटू लागतं.

पावसाचंच उदाहरण घ्या. ‘पडतील स्वाती तर पिकतील मोती’ ही म्हण कृषिदर्शिकेपासून पाठ्यपुस्तकापर्यंत सगळीकडे भेटते. सूर्य स्वाती नक्षत्रात येतो ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात आणि नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत तिथे असतो. घाटावर त्या सुमारास रब्बीची ज्वारी, हरभरा जमिनीत असतो आणि एक चांगली सर खरोखर मोत्यांच्या मोलाची ठरते. आमच्याकडे त्याच दिवसांत भात कापणीला आलेलं असतं, कुठे कापून आडवं पडलेलं असतं. स्वातीची सर आली की लोंबी भिजते, दाण्याला कोंब फुटतो, पेंढा कुजतो. एका घाटाच्या अंतराने म्हणीचा अर्थ उलटा होतो. तळकोकणातल्या शेतकऱ्याचं पावसाचं शहाणपण मिरगाचा कोंबडा, पुनर्वसूचा तरणा पाऊस, पुष्याचा म्हातारा पाऊस या भाषेत आहे. लावणी कधी उरकायची हे तो त्यावरून ठरवतो. स्वातीचे मोती त्याच्यावर पुस्तकाने लादले.

म्हणींच्या संग्राहकांत मला सर्वांत जवळचा वाटतो तो मात्र मराठी वाचकांना फारसा ठाऊक नसलेला माणूस. मोन्सिन्योर सेबास्तियांव रोदोल्फु दाल्गादु. जन्म १८५५, बार्देशातलं आसगाव. राशोलच्या सेमिनरीत शिक्षण, मग रोममध्ये धर्मशास्त्र आणि कायद्याची डॉक्टरेट. परतल्यावर सिलोन, बंगाल, होन्नावर अशी धर्मगुरूची भटकंती. जिथे गेले तिथली भाषा शिकले आणि तिच्यात प्रवचनं दिली. काही काळ ते सावंतवाडीतही होते. १८९३ साली मुंबईच्या ‘इंदुप्रकाश’ छापखान्यातून त्यांचा कोंकणी-पोर्तुगीज कोश बाहेर पडला आणि त्यातले कोंकणी शब्द देवनागरीत आहेत. ज्या काळात गोव्याचा ख्रिस्ती समाज कोंकणी लिहायचा तो रोमी लिपीत, त्या काळात एका पाद्र्याने लिस्बनच्या वाचकासमोर देवनागरी ठेवली. हे धाडस आहे आणि त्याची दखल आपण घ्यायला हवी तेवढी घेतलेली नाही.

१८९५च्या सुमारास ते पोर्तुगालला गेले ते कायमचे. १९०७पासून लिस्बनमध्ये संस्कृत शिकवू लागले. आशियाई भाषांतल्या पोर्तुगीज शब्दांवरचा त्यांचा ग्रंथ १९१३चा. आपले पगार, बादली, चावी, पाव, साबण हे शब्द कुठून कुठे फिरले हे जाणून घ्यायचं तर आजही त्याच्याकडे जावं लागतं. १९१९ ते १९२१ मध्ये लुसो-आशियाई शब्दसंग्रहाचे दोन जाड खंड आले. तोवर आजारपणात त्यांचे दोन्ही पाय कापावे लागले होते. तरी अध्यापन थांबलं नाही, लेखन थांबलं नाही. १९२२ साली ते लिस्बनमध्ये वारले. त्याच वर्षी कोइंब्रा विद्यापीठाच्या छापखान्यातून दोन हजारांहून अधिक कोंकणी म्हणींचा त्यांचा संग्रह प्रकाशित झाला. ‘फ्लोरिलेजियु’ म्हणजे वेचलेल्या फुलांचा गुच्छ, असं त्याचं नाव.

मला थक्क करते ती या संग्रहाची रीत. दाल्गादु म्हण देतात, भाषांतर देतात, अर्थ उलगडतात आणि मग आशियाई व युरोपीय भाषांतल्या तशाच म्हणींशेजारी तिला बसवतात. बार्देशातल्या आजीचं बोलणं युरोपच्या विद्वानांच्या पंगतीत तेवढ्याच मानाने बसतं. पाय गेलेला, घरापासून हजारो मैल दूर असलेला माणूस शेवटच्या वर्षांत गावच्या अंगणातली वाक्यं आठवून, ताडून, निगुतीने मांडत होता. कष्टाचं फळ डोळ्यांनी पाहण्याची हमी त्यालाही नव्हती.

हा ठेवा आमच्या बाजूला मात्र वादात अडकला. ग्रियर्सनच्या सर्वेक्षणाच्या ज्या खंडात कुडाळी आहे, त्यातच कोंकणी मराठीची बोली म्हणून घातलेली आहे. दाल्गादु कोंकणीला स्वतंत्र भाषा मानत. पुढे साहित्य अकादमीने १९७५ साली कोंकणीला मान्यता दिली, १९९२ साली ती आठव्या अनुसूचीत आली. या ओढाताणीत तेरेखोल नदीच्या उत्तरेचे लोक दाल्गादुंचं पुस्तक ‘त्यांचं’ समजले आणि दक्षिणेचे लोक मालवणी म्हणी ‘त्यांच्या’ समजले. मला हे नुकसान वाटतं. पेडणे अठराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत सावंतवाडीकरांकडे होतं. नदीच्या दोन्ही काठांवर सोयरिकी होतात, दशावतार दोन्हीकडे रंगतो, बाजाराचा दिवस एकमेकांना ठाऊक असतो. सासरी आलेल्या मुलीबरोबर तिच्या आईची म्हणही नदी ओलांडते. तिची भाषा कुठली हे अनुसूची बघून ठरवता येणार नाही.

आणि म्हणींच्या त्या गप्प राहण्याचं उत्तर मला शेवटी किनाऱ्यावर मिळालं, रापणीत. होडीने अर्धवर्तुळात जाळं सोडायचं, दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावर आणायचे आणि दोन रांगांनी ओढायचं. कधी जाळ्यात बांगड्याचा, तारलीचा थवा येतो, कधी समुद्राचा नुसता कचरा. आलेल्या मासळीची वाटणी होते, होडी-जाळ्याचा हिस्सा निघतो आणि दोर ओढणाऱ्या प्रत्येकाला त्याचा वाटा मिळतो. ज्या समाजाचं पोट अशा जाळ्यावर आहे, तो ‘राबा म्हणजे मिळेल’ असं पोराला सांगणार नाही, कारण पोर दुसऱ्याच दिवशी रिकामं जाळं बघणार. तो सांगतो ते एवढंच, की दोराला हात लावल्याशिवाय वाट्याला उभा राहू नकोस. ‘भुयेक भार’ ही शिवी तिथून धार घेते. एक आळशी माणूस बाकीच्या सगळ्यांच्या खांद्यावर वजन टाकतो, हे रेतीत पाय रोवून ओढताना प्रत्यक्ष कळतं.

पर्ससीन जाळ्यांविरुद्ध मालवणच्या पारंपरिक मच्छीमारांनी इतकी वर्षं जो लढा दिला, त्याकडेही मी याच नजरेने बघतो. ५ फेब्रुवारी २०१६च्या शासन आदेशाने पर्ससीनवर निर्बंध आले, तरी किनाऱ्यावरची खदखद संपली नाही. मोजक्या हातांनी थवाच्या थवा उचलायचा आणि शंभर हातांचा वाटा नाहीसा करायचा, हे इथल्या न्यायबुद्धीला पटत नाही. मासळीच्या साठ्याचा प्रश्न खराच आहे. पण वाट्याचा प्रश्न त्याच्याइतकाच मोठा आहे, आणि सरकारी अहवालांपेक्षा तो म्हणींत अधिक स्पष्ट दिसतो.

हे सगळं म्हणींत नीट वाचायचं तर पुन्हा दाल्गादुंकडे यावं लागतं. त्यांच्या पोर्तुगीज शब्दांवरच्या ग्रंथाचं इंग्रजी भाषांतर अँथनी झेवियर सोआरिश यांनी केलं आणि ते १९३६ साली बडोद्याच्या गायकवाड प्राच्यमालेत निघालं. एका मराठी संस्थानाने त्यांच्या शब्दांना आसरा दिला होता. आता म्हणींची पाळी आहे. सावंतवाडी, वेंगुर्ले, कुडाळ, मालवण इथल्या महाविद्यालयांतल्या मुलांनी तो संग्रह समोर ठेवून घरोघरी विचारत जावं. कुठली म्हण अजून बोलली जाते, कोण कुणाला म्हणतं, कामाच्या कुठल्या टप्प्यावर म्हणतं, आणि ऐकणारा उलट काय ऐकवतो, हे म्हणीशेजारी लिहावं. सुरुवात गणपतीच्या शाळांतून करावी. नागपंचमीनंतर तिथे रात्रीपर्यंत दिवे असतात, हात कामात असतात आणि तोंडं मोकळी असतात.