गॉयडरची रेषा

ऑस्ट्रेलियाची बहुतेक वस्ती किनाऱ्यालगत आहे, याचे पहिले कारण पाऊस. पूर्वेची डोंगररांग समुद्रावरचे बाष्प अडवते आणि खंडाच्या मध्यावर उच्च दाबाचा पट्टा ढग जमू देत नाही. १८६५ मध्ये सर्वेक्षक जॉर्ज गॉयडर यांनी दक्षिण ऑस्ट्रेलियात घोड्यावरून फिरून, निलगिरीची खुरटी झाडे संपून खारट झुडपे कुठे सुरू होतात ते पाहिले आणि शेतीची सीमारेषा आखली. पुढे काही वर्षे पाऊस बरा झाला, तसे शेतकरी रेषा ओलांडून गेले; १८८० च्या दशकातल्या दुष्काळाने त्यांना माघारी आणले. तिथल्या दगडी घरांचे अवशेष आजही उभे आहेत.

मग भूगोलच सगळे ठरवतो का? पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या कालगूर्ली शहराचे उदाहरण याच्या विरोधात देतात. वाळवंटात सोने सापडले आणि १९०३ मध्ये सुमारे ५३० किलोमीटर लांबीच्या नळातून तिथे पाणी पोहोचले. पण तो खर्च सोन्यामुळे परवडला. गव्हासाठी कोणी केला नसता. त्याहून वजनदार आक्षेप आदिवासींचा आहे. पाणवठ्यांची अचूक जाण ठेवून, फिरते राहून ते याच कोरड्या प्रदेशात हजारो वर्षे जगले. म्हणजे जमीन नापीक ठरली ती नांगरापुरती. तिला ‘निर्जन’ म्हणणे साफ चूक आहे.