गोळीला होणारा उशीर

न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर क्रीड कुटुंबाच्या शेतजमिनीवर १८७३ मध्ये नेमबाजीचं मैदान सुरू झालं आणि त्याला क्रीडमूर हे नाव पडलं. पुढच्याच वर्षी तिथे आयर्लंड आणि अमेरिकेचे संघ ८००, ९०० आणि १,००० यार्डांवर भिडले. अमेरिकेने सामना ९३४ विरुद्ध ९३१ असा जिंकला. एका आयरिश नेमबाजाची गोळी ऐन मध्यावर लागली होती, पण ते लक्ष्य दुसऱ्याचं होतं! त्या शॉटचे चार गुण गेले आणि सामनाही गेला. हॉर्नडी या अमेरिकी कंपनीने २००७ मध्ये लांब पल्ल्याचं नवं काडतूस आणलं, तेव्हा त्याला याच मैदानाचं नाव दिलं: ६.५ क्रीडमूर. तेव्हापासून तिकडच्या बंदुकीच्या दुकानांत आणि शिकाऱ्यांच्या तळांवर एक वाद न संपता चालू आहे. क्रीडमूर सरस, की १९५२ पासूनचं मुरलेलं .३०८ विंचेस्टर?

.३०८ आपल्याला अगदीच परकं नाही. त्याचा लष्करी जुळा भाऊ म्हणजे ७.६२ नाटो, आणि ती काडतुसं जळगाव जिल्ह्यातल्या वरणगावच्या आयुध निर्माणीत बनतात. गोळीचं वजन आजही ग्रेनमध्ये सांगतात. हे माप सराफकट्ट्यावरच्या माणसाला चटकन उमगेल, कारण इंग्रजांनी तोळा ठरवला तोच १८० ग्रेनचा. अमेरिकी शिकाऱ्यांची आवडती १८० ग्रेनची गोळी म्हणजे बरोबर एक तोळा. आपल्या तुलनेत .३०८ ची गोळी १६८ ग्रेनची, म्हणजे तोळ्याला थोडी कमी, तर क्रीडमूरची १४० ग्रेनची, पाऊण तोळ्याहून जराशी जास्त.

एकाच कंपनीच्या, स्पर्धेसाठी बनवलेल्या या दोन गोळ्या घेतल्या तर नळीतून बाहेर पडताना दोघींचा वेग जवळपास सारखाच, सेकंदाला सुमारे ८२५ मीटर. .३०८ ची गोळी जड, म्हणून तिची ऊर्जा जास्त: सुमारे ३,७०० ज्यूल. क्रीडमूरची ३,१०० च्या आसपास. दुकानात तुलना केली तर .३०८ जिंकलं. पण ५०० यार्डांवर, म्हणजे ४५७ मीटरवर, दोघींची ऊर्जा साधारण १,७०० ज्यूलवर येऊन जुळते. तिथे क्रीडमूरचा वेग ६०० मीटरच्या वर असतो, .३०८ चा ५६० च्या आसपास उतरलेला असतो. सहाशे ज्यूलची आघाडी हवेने खाल्ली.

कारण गोळीच्या अंगकाठीत आहे. एकीचा व्यास ७.८ मिलिमीटर, दुसरीचा ६.७. वजनाच्या मानाने बारीक आणि लांबट गोळी हवा सहज कापते. ही शहाणीव काही २००७ ची नव्हे. स्वीडनचं ६.५ मिलिमीटरचं लष्करी काडतूस १८९४ चं आहे. क्रीडमूरची करामत एवढीच की त्याची पितळी पुंगळी थोडी आखूड ठेवली, त्यामुळे लांब गोळी बसवूनही काडतूस .३०८ च्याच मापाच्या मॅगझिनमध्ये मावतं. शिवाय अशी लांब गोळी डगमगू नये म्हणून नळीतले आटे जास्त पिळाचे ठेवले. दर आठ इंचांना एक फेरा, म्हणजे गोळी मिनिटाला जवळजवळ २ लाख ४० हजार वेळा गरगरते.

१,००० यार्डांवर १०० यार्डांवर जुळवलेल्या नेमापेक्षा क्रीडमूर साडेसात मीटरच्या आसपास खाली येतं, .३०८ नऊच्या आसपास. ऐकायला भयंकर वाटतं, पण अंतर मोजणारं यंत्र आणि दुर्बिणीवरची चकती हाताशी असली की या उताराची फारशी भीती उरत नाही. गुरुत्वाकर्षण लहर बदलत नाही. वारा बदलतो.

आणि वाऱ्याचा हिशेब गमतीचा आहे. गोळी जितका वेळ हवेत, तितकी ती सरकणार, असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात मोजायचा असतो उशीर. हवाच नसती, तर ८२५ मीटर वेगाने १,००० यार्डांना १.१ सेकंद लागला असता. क्रीडमूरला सुमारे १.५ लागतो. उशीर ०.४ सेकंद. आडवा वारा ताशी १६ किलोमीटरचा, म्हणजे सेकंदाला ४.४ मीटर. गुणाकार करा: पावणेदोन मीटर. .३०८ चा उशीर अर्ध्या सेकंदाचा, म्हणजे सरकणं सव्वादोन मीटरच्या घरात. वाऱ्याचा अंदाज जितका चुकेल, तितकी या अर्ध्या मीटरची किंमत वाढते, आणि क्रीडमूरने स्पर्धांमध्ये नाव कमावलं ते याच जोरावर.

शिकारीचं गणित मात्र निराळं. तिथे गोळी नुसती लागून भागत नाही, ती आत जाऊन उमलावी लागते. त्यासाठी बऱ्याच शिकारी गोळ्यांना सेकंदाला साधारण ५५० मीटर वेग लागतो. कोलोराडोत एल्क या मोठ्या हरणासाठी किमान ८५ ग्रेनची गोळी कायद्यानेच बंधनकारक आहे, आणि आपल्या दोन्ही गोळ्या त्याहून कितीतरी जड आहेत. पण ५०० यार्डांवर गोळी पोहोचायला ०.६५ सेकंद लागतो. तेवढ्यात चरणारं जनावर एक पाऊल टाकतं, आणि फुप्फुसावर धरलेला नेम पोटात जातो. कुठलंही काडतूस घेतलं तरी हा वेळ फारसा घटत नाही. स्कॉटलंडच्या 'कारामोजो' बेलने आफ्रिकेत ७ मिलिमीटरच्या रायफलने शेकडो हत्ती मारले. त्या संहाराचं कौतुक नको, पण कसब नेमक्या जागी गोळी घालण्याचं होतं. म्हणून शिकाऱ्यांचा हा काडतुसाचा वाद मला बराचसा पोकळ वाटतो. दोनशे मीटरवर हरणाच्या दृष्टीने दोन्ही सारखीच.

भारतात १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आणि त्याची १९९१ ची दुरुस्ती यांनंतर हौशी शिकारीसाठी हा प्रश्न उरलाच नाही. इथे उरली ती कागदी लक्ष्यं. कोल्हापूरची तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिकला जगज्जेती झाली, त्याच जिल्ह्यातल्या स्वप्नील कुसाळेने २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कांस्य जिंकलं. दोघंही ५० मीटरवरचे, .२२ च्या छोट्या काडतुसाचे खेळाडू. स्पर्धेची ही काडतुसं मुद्दाम आवाजाच्या वेगापेक्षा किंचित संथ ठेवतात. आवाजाच्या वेगाच्या आसपास हवेचा विरोध एकदम वाढतो, त्यामुळे जास्त वेगाने सुटलेली .२२ ची गोळी लक्ष्यावर लवकर पोहोचते, पण स्वतःच्या हिशेबाने तिला उशीर जास्त होतो. वारा तिलाच जास्त ढकलतो.