गुरुजींच्या पिशवीतलं पुस्तक

गेल्या पावसाळ्यात आमच्या भागातल्या एका अध्यापक विद्यालयात कविता वाचायला गेलो होतो. कार्यक्रम संपल्यावर सहज विचारलं, 'परीक्षेत येणार नाही असं कोणतं पुस्तक तुम्ही अलीकडे वाचलंत?' वर्ग गप्प. मग मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, 'सर, दिवसभर वाचतच असतो. पण ते सगळं परीक्षेचंच.'

तिचं खरं होतं. बारावीनंतरची ही दोन वर्षं पाठ टाचणं, सराव पाठ, शैक्षणिक साधनं आणि आंतरवासितेत निघून जातात. पुढे शिक्षक पात्रता परीक्षा उभी असते. ती आपल्या राज्यात २०१३ साली सुरू झाली. २०१७ साली अभियोग्यता चाचणीची भर पडली. नोकरी गुणांवर ठरत असेल तर कथा-कादंबरी हातात घेणं चैनीचं वाटणारच. या मुलामुलींना आळशी म्हणून चालणार नाही.

तरीही अवांतर वाचन हवंच. का, ते सांगतो. गुजरातेत भावनगरला मुलांमध्ये रमलेले गिजुभाई बधेका यांचं 'दिवास्वप्न' नावाचं छोटं पुस्तक आहे. त्यातला शिक्षक पहिल्या दिवशी चौथीच्या वर्गाला शांततेचा खेळ शिकवायला जातो आणि त्याची पार फजिती होते. मग तो गोष्ट सांगू लागतो आणि दंगेखोर वर्ग कान देऊन बसतो. गोष्टींच्या ओढीनं मुलं पुस्तकांकडे वळतात. पण गोष्टी सांगायच्या तर सांगणाऱ्याजवळ त्यांचा साठा हवा. तो मार्गदर्शक पुस्तिकांतून मिळत नाही.

माझ्या स्वतःच्या घरी दखनी बोलली जायची. पुस्तकातली मराठी मला शाळेत भेटली. आमचे गुरुजी शनिवारी शेवटच्या तासाला पिशवीतून स्वतःचं पुस्तक काढून वाचून दाखवायचे. वाचता वाचता स्वतःच हसायचे. निम्मे शब्द कळत नसत. पण गुरुजी कशाला हसले ते कळून घ्यायची ओढ लागायची. त्या ओढीनंच ही भाषा माझी झाली.

आज अकोल्याच्या पश्चिमेला, भंडारदऱ्याच्या वरच्या अंगाला, ठाकर आणि महादेव कोळ्यांच्या वाड्यावस्त्यांवरची मुलंही घरची एक बोली घेऊन शाळेत येतात. त्यातल्या कित्येकांना आनंदासाठी वाचणारं पहिलं मोठं माणूस भेटेल ते शिक्षकच. तेही वाचत नसतील तर पुस्तक म्हणजे फक्त प्रश्नोत्तरं, असंच त्या मुलांना वाटणार.

उपाय फार मोठा नाही. १५ ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिन साजरा होतो, तो एका दिवसापुरता राहू नये. अध्यापक विद्यालयांनी आठवड्यातला एक तास ग्रंथालयाचं कपाट उघडून द्यावं. कोणी काय वाचावं हे सांगू नये, वाचल्यावर अहवालही मागू नये. अहवाल मागितला की त्याचाही अभ्यास होतो. छात्राध्यापकांनी रोज झोपण्यापूर्वी चार पानं वाचावीत. आवडलं नाही तर पुस्तक खुशाल बदलावं. सराव पाठाला जाताना साधनांबरोबर पिशवीत एक गोष्टीचं पुस्तक ठेवावं आणि पाठ लवकर संपला तर वाचून दाखवावं.

निघताना ती मुलगी मागून आली. म्हणाली, 'सर, छोटंसं काही आहे का? बसमध्ये वाचीन.' माझ्या पिशवीत 'दिवास्वप्न' होतं, ते तिला दिलं. परत कधी करायचं, ते मी सांगितलं नाही.